वाचक विचारतात : क्वांटम संगणकाच्या प्रयोगशाळेतले काम

क्वांटम संगणनातील संशोधन हा पेशा म्हणून कसा आहे, याविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून, पुण्यातील एका प्रयोगशाळेत अतिवाहक क्यूबिटवर काम करणाऱ्या संशोधकाकडे ती दिली. (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचा मूळ घटक, आणि अतिवाहक म्हणजे अतिशय थंड केल्यावर रोधाविना वीज वाहून नेणारा पदार्थ.) त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. – संपादक

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. क्वांटम संगणकावरची भाषणे पुष्कळ ऐकली, परंतु सकाळी प्रयोगशाळेत गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, हे कोणीच सांगत नाही. तुम्ही प्रोग्रॅम लिहिता, यंत्र बांधता, की कागदावर गणिते सोडवता?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तिन्ही गोष्टी कराव्या लागतात, मात्र वेळेचा सर्वांत मोठा भाग या तिन्हींत न बसणाऱ्या एका कामात जातो, आणि ते काम म्हणजे क्यूबिट कशामुळे चुकतो आहे याचा शोध. भाषणांतून हा भाग गाळला जातो, कारण तो ऐकायला फारसा आकर्षक नाही. तरीही हाच या पेशाचा गाभा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

आमचा क्यूबिट म्हणजे सिलिकॉनच्या किंवा नीलमण्याच्या चकतीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ थरातून घडवलेले एक विद्युत सर्किट. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. त्या जागेला जोसेफसन जंक्शन म्हणतात. अशा जंक्शनमधून अतिवाहक प्रवाह पार जाऊ शकेल, हे ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये गणिताने सांगितले. पुढे १९८४-८५ च्या सुमारास जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी बर्कलीत केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की हातात धरता येईल एवढ्या चिपवरच्या सर्किटलाही एखाद्या अणूप्रमाणे ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. त्याच कामासाठी या तिघांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पायऱ्यांपैकी तळाच्या दोन पायऱ्या म्हणजे आमचे शून्य आणि एक.

या दोन पायऱ्यांमधले अंतर साधारण पाच गिगाहर्ट्झ वारंवारितेचे असते. तापमानाच्या भाषेत ते जेमतेम पाव केल्विन भरते, आणि आपल्या खोलीचे तापमान तीनशे केल्विन असते. म्हणजे सर्किट साध्या हवेत ठेवले, तर उष्णताच त्याला वरखाली ढकलत राहील आणि आम्ही लिहिलेली माहिती क्षणभरही टिकणार नाही. यासाठी चिप दहा ते वीस मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वरच्या, तापमानात ठेवावी लागते आणि त्याकरिता हेलियम-३ व हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणारा डायल्यूशन रेफ्रिजरेटर वापरला जातो. प्रयोगशाळेत त्याला सगळे नुसते फ्रिज म्हणतात. तो थंड व्हायला दीड-दोन दिवस सहज लागतात आणि पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायलाही वेळ जातो. त्यामुळे आत एखादा कनेक्टर सैल राहिला, तर आठवडा हातचा जातो. वरून येणाऱ्या प्रत्येक तारेवर टप्प्याटप्प्याने अ‍ॅटेन्युएटर बसवून संदेशाची शक्ती दहा लाख पटींनी घटवतात, कारण त्या तारेतून संदेशाबरोबर खोलीची उष्णताही खाली उतरत असते. हे सगळे जोडण्याचे काम पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन हातानेच होते, आणि सैद्धांतिक भौतिकीत उत्तम गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने तेच करावे लागते.

फ्रिज थंड झाला, की मोजमापे सुरू होतात. क्यूबिटची वारंवारिता नेमकी किती, त्याला शून्यावरून एकवर नेण्यासाठी मायक्रोवेव्हची स्पंदने किती उंचीची व किती लांबीची हवीत, एकवर ठेवलेला क्यूबिट किती वेळ तिथे टिकतो, शून्य आणि एक यांची सुपरपोझिशन, म्हणजे दोन्हींची एकाच वेळी असणारी मिश्र अवस्था, किती वेळ शाबूत राहते, आणि वाचन करताना शून्याला एक समजण्याची चूक शेकडा किती वेळा होते, हे सारे प्रत्येक क्यूबिटसाठी वेगळे मोजावे लागते. ही मूल्ये सरकत असतात. सवाई गंधर्व महोत्सवात तबलजी मैफलीआधी हातोडीने तबला सुरात लावून घेतो आणि दोन रागांच्या मधे पुन्हा हात फिरवतो, तसेच आमच्या क्यूबिटचे आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे ते लावण्याचे काम बहुतांशी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम करतो आणि तो प्रोग्रॅम कुठे फसतो याकडे माणूस लक्ष ठेवतो.

खरा शोध यापुढे सुरू होतो. चांगल्या अतिवाहक क्यूबिटची माहिती आज पन्नास-शंभरपासून काहीशे मायक्रोसेकंदांपर्यंत टिकते, आणि एक क्रिया करायला वीस-पन्नास नॅनोसेकंद लागतात. समजा, काल शंभर मायक्रोसेकंद टिकणारा क्यूबिट आज तीसवर आला. ऑक्साइडमधल्या एखाद्या दोषाची वारंवारिता सरकून क्यूबिटच्या वारंवारितेशी जुळली असेल. एखाद्या गाळणीतून उष्णतेची प्रारणे झिरपत असतील. शेजारच्या क्यूबिटला दिलेले स्पंदन याच्यापर्यंत पोहोचत असेल. किंवा आपल्या मोजमापाच्या प्रोग्रॅममध्येच गफलत असेल. प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा प्रयोग रचून एकेक संशयित दूर करावा लागतो. ज्याला यात रस वाटतो, तो या क्षेत्रात टिकतो. ज्याला हे काम म्हणजे खऱ्या विज्ञानाच्या आधीची कटकट वाटते, त्याने कागदावरच्या सिद्धांताकडे वळलेले बरे. तिथेही काम भरपूर आहे.

उरलेल्या वेळात शोधनिबंध वाचणे, विद्यार्थ्यांशी चर्चा, आणि खरेदीची कागदपत्रे. या तिसऱ्या गोष्टीला हसू नका. परदेशातून येणाऱ्या एका अ‍ॅम्प्लिफायरसाठी निविदा, तांत्रिक समिती, सीमाशुल्क असे टप्पे पार करण्यात महिने जातात, आणि पुढच्या वर्षी काय लागेल हे आज ओळखण्याचे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर वीज क्षणभर गेली आणि कॉम्प्रेसरचा थंड पाण्याचा पुरवठा अडला, तर फ्रिज तापू लागतो. त्यामुळे जनरेटर आणि यूपीएस यांच्याविषयी आम्हाला जितकी माहिती असते, तितकी एखाद्या कारखान्याच्या देखभाल विभागाला असेल.

जाता जाता एक गोष्ट. चिप थंड करण्यापूर्वी जंक्शनचा विद्युतरोध साध्या तापमानाला मोजून तो क्यूबिट कोणत्या वारंवारितेला बसेल याचा अंदाज आम्ही बांधतो. त्यासाठी वापरले जाणारे सूत्र १९६३ चे असून ते आंबेगावकर-बाराटॉफ या नावाने ओळखले जाते. विनय आंबेगावकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काम केलेले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ. हे नाव पहिल्यांदा वाचताना मराठी विद्यार्थ्याचा चेहरा खुलतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

प्रश्न : क्वांटम संगणक आला की बँकांचे सर्व पासवर्ड एका क्षणात फुटतील, कारण तो सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो, असे मोबाइलवर आलेल्या एका संदेशात वाचले. मुदत ठेवी मोडाव्यात का?
– निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ

उत्तर : ठेवी मोडू नयेत.

संदेशातील कारणच चुकीचे आहे. क्यूबिटांची सुपरपोझिशन करून सगळ्या शक्य उत्तरांवर एकाच वेळी क्रिया करता येते हे खरे, परंतु शेवटी वाचन केले, की त्यांतले एकच उत्तर हाती येते आणि तेही यदृच्छेने. खुबी आहे ती चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना मारतील आणि बरोबर उत्तराच्या लहरी एकमेकींत मिळतील अशी रचना करण्यात. अशी रचना फार थोड्या प्रकारच्या गणितांसाठी सापडली आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी ती शोधली, आणि आरएसए नावाची संकेतपद्धत नेमकी त्याच गणिताच्या अवघडपणावर उभी असल्यामुळे ही चिंता निर्माण झाली.

आता प्रमाण पाहा. २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडण्यासाठी सदोष असे सुमारे दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला होता. २०२५ मध्ये तोच हिशेब सुधारून दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथपर्यंत आला. आज चालणारी यंत्रे यापासून फार दूर आहेत, पण सहा वर्षांत गरज वीस पटींनी उतरली ही गोष्टही नजरेआड करण्याजोगी नाही. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या संकेतपद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. जगभरच्या बँका, दूरसंचार कंपन्या आणि सरकारे यांना आपापल्या प्रणाली त्या मानकांकडे न्याव्या लागतील, आणि हे काम वर्षानुवर्षे चालणारे आहे. घाई आहे ती दीर्घकाळ गुप्त राहायला हवी अशा माहितीसाठी, कारण ती आज चोरून साठवायची आणि यंत्र आल्यावर उलगडायची, हा मार्ग कोणालाही खुला आहे. तुमच्या ठेवीला सध्या खरा धोका फोनवर ओटीपी विचारणाऱ्या माणसाचा आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञानला आहे. त्याला अभियांत्रिकी नको, आयसरला (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) जाऊन क्वांटममध्ये संशोधन करायचे आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की यात तिशीपर्यंत नुसते शिकतच राहावे लागते आणि हातात पैसा येत नाही. आम्ही मध्यमवर्गीय आहोत. घरावरचे कर्ज अजून फिटायचे आहे. खरी परिस्थिती काय आहे?
– एक आई, चिंचवड

उत्तर : वडिलांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि जे निम्मे बरोबर आहे ते मुलाला आत्ताच सांगितलेले चांगले.

बारावीनंतर आयसरचा बीएस-एमएस अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. त्यापुढे पीएचडीला प्रायोगिक विषयात पाच-सहा वर्षे लागतात. विद्यापीठात किंवा राष्ट्रीय संस्थेत कायमची नेमणूक हवी असेल, तर दोन ते चार वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरत्या नेमणुकीवरचे संशोधन, बहुधा परदेशात, हे जवळपास गृहीतच धरले जाते. एवढे करून वय बत्तीस-तेहतीसपर्यंत पोहोचते, आणि त्यानंतरही जागा मोजक्याच असल्यामुळे गावाची निवड आपल्या हातात राहत नाही. पुण्यातच राहायचे अशी अट घालून या पेशात उतरता येत नाही.

मात्र पीएचडीच्या काळात विद्यार्थी घरच्यांवर अवलंबून असतो, ही समजूत जुनी झाली. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे. वसतिगृह मिळाले नाही, तर घरभाडे भत्ताही मिळतो. यातून एकट्या माणसाचा खर्च भागतो, घरी थोडे पाठवताही येते, परंतु घराच्या कर्जाचा हप्ता भरणारा मुलगा म्हणून त्याच्याकडे या वर्षांत पाहता येणार नाही. वर्गमित्र तेविसाव्या वर्षी नोकरीला लागून गाडी घेतील, नातेवाईक लग्नकार्यात विचारतील, आणि छात्रवृत्तीची रक्कम अधूनमधून काही महिने उशिरा जमा होईल. यांपैकी पैशापेक्षा नातेवाइकांच्या प्रश्नांनी खचलेली मुले मी अधिक पाहिली आहेत, आणि तिथे घरच्यांची साथ फार उपयोगी पडते.

दुसरी बाजू अशी, की कायमची प्राध्यापकी हा एकमेव रस्ता आता राहिलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या अभियानाची तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची आहे. क्वांटम संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संदेशवहनाचे मद्रास आयआयटीत, संवेदन व मापनाचे मुंबई आयआयटीत आणि पदार्थ व उपकरणांचे दिल्ली आयआयटीत उभे राहत आहे. अतिशीत तंत्र, मायक्रोवेव्ह, नॅनोफॅब्रिकेशन यांत हात बसलेल्या पीएचडीधारकाला उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या, सेमीकंडक्टर उद्योग आणि संरक्षण प्रयोगशाळा येथेही विचारले जाते. अभियानाचा कालावधी संपल्यावर काय, हा प्रश्न मात्र योग्य आहे. तुमच्या मुलाची पीएचडी त्या मुदतीनंतरच पूर्ण होईल. म्हणून त्याने आजच्या जाहिरातींवर विसंबून निर्णय घेऊ नये. भौतिकशास्त्राचा पाया आणि हाताचे कौशल्य या दोन गोष्टी अशा मिळवाव्यात, की क्वांटमची हवा ओसरली तरी त्या दुसरीकडे चालतील.

आयसरचा प्रवेश त्या संस्थांच्या स्वतःच्या अभियोग्यता परीक्षेतून होतो. जेईईची तयारी वाया जात नाही. दोन्ही परीक्षा द्याव्यात आणि निर्णय निकालानंतर घ्यावा.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत दहा वर्षे जावामध्ये काम करतो. वय चौतीस. क्वांटममध्ये शिरण्यासाठी सहा आठवड्यांच्या एका महागड्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची जाहिरात रोज दिसते. तो करावा का? की पीएचडीशिवाय या क्षेत्राचे दारच उघडत नाही?
– एक अभियंता, वाकड

उत्तर : महागडा अभ्यासक्रम करू नका. त्यात जे शिकवतात, म्हणजे तीन-चार क्यूबिटांची सर्किटे लिहून ती चालवणे, ते आयबीएमच्या किस्किटसारख्या खुल्या सॉफ्टवेअर साधनांवर विनामूल्य शिकता येते. आयबीएमने २०१६ मध्येच पाच क्यूबिटांचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना वापरायला खुले केले होते, आणि एनपीटीईएल या ऑनलाइन पाठांच्या संकेतस्थळावर भारतीय प्राध्यापकांचे चांगले पाठ उपलब्ध आहेत. ते पाहून रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पुन्हा पक्की करा. सहा महिन्यांनी आयगेनमूल्य या शब्दाची भीती गेलेली असेल, तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

पीएचडी नसलेल्या अभियंत्याला कोणती जागा आहे, हे सांगण्यासाठी पुण्याचेच उदाहरण देतो. डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानासाठीची युवा वैज्ञानिक प्रयोगशाळा पुण्यात आहे. या प्रयोगशाळेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेबरोबर सहा क्यूबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची संपूर्ण साखळीची चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यात कामाची वाटणी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. क्यूबिटांचा आराखडा व निर्मिती टाटा संस्थेत झाली. नियंत्रण आणि मापनाची यंत्रणा पुण्याच्या गटाने काही बाजारात मिळणारी उपकरणे आणि काही स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड जोडून उभारली. आणि वापरणाऱ्याने क्लाउडवरून सर्किट पाठवावे व उत्तर परत मिळवावे यासाठीचे सॉफ्टवेअर टीसीएसने तयार केले. या तिघांपैकी शेवटच्या दोघांच्या कामात उत्तम प्रोग्रॅमर आणि इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेली माणसे लागतात.

तुमच्या जागी मी असतो, तर क्वांटम अल्गोरिदमच्या मागे न लागता या मधल्या थराकडे वळलो असतो. स्पंदने नॅनोसेकंदाच्या अचूकतेने सोडणारे एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपचे) बोर्ड, सर्किटाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे कंपायलर, रात्रभर आपोआप मोजमापे करून सकाळी अहवाल देणारी प्रणाली, यांची टंचाई प्रत्येक प्रयोगशाळेत जाणवते. भौतिकशास्त्रज्ञांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालतात खरे, पण ते लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की दुसऱ्याला समजत नाहीत. दहा वर्षे मोठ्या प्रणाली सांभाळलेला माणूस तिथे सोन्यासारखा वाटतो. पगार मात्र संशोधन संस्थेतील प्रकल्प अभियंत्याच्या जागी हिंजवडीपेक्षा बराच कमी आणि नेमणूक कंत्राटी असेल, हे घरी बोलून मगच पाऊल उचला.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे आणि पीएचडी प्रवेशासाठीच्या नेट व जेस्ट या परीक्षांची तयारी चालू आहे. पीएचडीसाठी सिद्धांत निवडावा की प्रयोग? अतिवाहक क्यूबिट, अडकवलेले आयन, थंड अणू, प्रकाशकण यांपैकी कोणते तंत्र पुढे जिंकेल? भारतात राहून हे काम होते का?
– एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : कोणते तंत्र जिंकेल याचा अंदाज बांधून विषय निवडू नका. प्रत्येकाचा दोष वेगळ्या जागी आहे. अतिवाहक क्यूबिट वेगवान आहेत, पण ते माणसाने घडवलेले असल्यामुळे दोन क्यूबिट कधीच सारखे निघत नाहीत, आणि हजारो तारा फ्रिजमध्ये उतरवायच्या कशा, हा प्रश्न पुढे उभा आहे. आयन निसर्गतःच एकसारखे असतात, त्यांची माहिती सेकंदांपर्यंत टिकते आणि क्रिया अतिशय अचूक होतात. परंतु त्या क्रिया हजारपट संथ असतात. लेसरच्या चिमट्यात धरलेले उदासीन अणू हजारोंच्या संख्येने मांडता येतात, पण अणू निसटून जातात आणि वाचनाला वेळ लागतो. प्रकाशकणांना थंड करावे लागत नाही, पण ते वाटेत हरवतात आणि दोन प्रकाशकणांना एकमेकांवर परिणाम करायला लावणे कठीण असते. यांतल्या ज्या अडचणीशी झुंजत पाच वर्षे काढायला तुम्हाला आवडेल, ते तंत्र तुमचे.

या सगळ्या तंत्रांना जोडणारा विषय आहे त्रुटिनिवारण, आणि मला आज पीएचडी सुरू करायची असती, तर मी याच विषयाच्या जवळ राहिलो असतो. कल्पना अशी, की एका तार्किक क्यूबिटची माहिती अनेक भौतिक क्यूबिटांत पसरून ठेवायची आणि तपासणीच्या क्यूबिटांकडून, माहितीला धक्का न लावता, कुठे चूक झाली एवढेच विचारत राहायचे. सरफेस कोड या रचनेत सात अंतराच्या एका तार्किक क्यूबिटसाठी माहितीचे ४९ आणि तपासणीचे ४८ क्यूबिट लागतात. (अंतर म्हणजे तार्किक माहिती नकळत बदलण्यासाठी किमान किती क्यूबिट चुकावे लागतात, ती संख्या.) क्यूबिट वाढवले की चुका करणारेही वाढतात; त्यामुळे भौतिक त्रुटी एका मर्यादेखाली असेल तरच ही पसरण फायद्याची ठरते, नाहीतर परिस्थिती आणखी बिघडते. ही मर्यादा ओलांडल्याचे स्पष्ट प्रात्यक्षिक गूगलच्या गटाने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्यूबिटांच्या विलो या चिपवर दिले : अंतर तीनवरून पाच आणि पाचवरून सात केले, तेव्हा तार्किक त्रुटी प्रत्येक पायरीला निम्म्याहून खाली आली. गेल्या दशकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना हीच, जरी वर्तमानपत्रांनी त्याच चिपच्या वेगाविषयीच्या दाव्याला मथळ्यात जागा दिली.

इथे सिद्धांत आणि प्रयोग यांच्यातली भिंत पातळ होते. तपासणीचे निकाल अतिवाहक यंत्रात दर मायक्रोसेकंदाला येतात, आणि ते पाहून चूक कुठे झाली हे त्याच गतीने ठरवणारा डीकोडर लागतो. तो लिहिणाऱ्याला आलेखशास्त्र यावे लागते आणि चिपवर नेमका कोणत्या प्रकारचा नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट, आहे हेही माहीत असावे लागते. कागदावर सगळ्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र मानलेल्या असतात. प्रत्यक्षात एखादा वैश्विक किरण चिपवर आदळला, की अनेक क्यूबिट एकाच वेळी कोलमडतात. या दोन्ही जगांत वावरणारी माणसे अजून कमी आहेत.

भारतात राहून हे काम होते. अतिवाहक क्यूबिटवर कुलाब्याच्या टाटा संस्थेत आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, क्वांटम माहितीच्या सिद्धांतावर प्रयागराजच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेत आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत गट आहेत. तुमच्या घरापासून जवळच, पाषाणच्या आयसरमध्ये एनएमआरने (आण्विक चुंबकीय अनुनादाने) अणुकेंद्रांच्या फिरकीवर, म्हणजे स्पिनवर, क्वांटम क्रिया करण्याचे आणि थंड अणूंचे काम चालते, आणि तिथेच आय-हब हे क्वांटम तंत्रज्ञान विकासाचे केंद्र आहे. बंगळूरच्या क्यूपीआय-एआय या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्यूबिटांचे यंत्र जाहीर केले. आकड्यांत आपण मागे आहोत, यात शंका नाही. पण पीएचडीत शिकायचे असते ते एखादा प्रश्न मुळापर्यंत नेण्याचे शिक्षण, आणि त्यासाठी सहा क्यूबिट अपुरे पडत नाहीत.

एक सल्ला मात्र आग्रहाने देतो. संस्थेचे नाव आणि विषय यांच्याइतकेच महत्त्व गाइडला द्या. मुलाखतीला जाल, तेव्हा त्या गटातल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाला घेऊन जा आणि विचारा, की गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला किती वर्षे लागली, आणि प्रयोग फसला की गटात काय घडते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर दुसरीकडे पाहा.

प्रश्न : पूर्वी नॅनोचे ढोल वाजले, मग ब्लॉकचेनचे. क्वांटम हा तसाच फुगा नव्हे कशावरून? वाहतूककोंडी सोडवण्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे त्याचा उपयोग सांगितला जातो. या क्षेत्रात काम करणारा माणूस म्हणून तुम्ही स्वतः यावर विश्वास ठेवता का?
– एक निवृत्त प्राध्यापक, डेक्कन जिमखाना

उत्तर : फुग्याचा भाग आहे, आणि तो फुगवणाऱ्यांत काही संशोधकही आहेत. वाहतूक, वेळापत्रके, गुंतवणूक अशा प्रश्नांत क्वांटम संगणक आजच्या उत्तम संगणकापेक्षा व्यवहारात वरचढ ठरतो, असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये शोधलेली पद्धत अशा शोधकामांना लागू पडते, पण तिने पायऱ्यांची संख्या फक्त वर्गमुळाइतकी उतरते, आणि त्रुटिनिवारणाचा खर्च धरला तर तो फायदा बहुतेक ठिकाणी खर्चातच जिरून जातो. चांदणी चौकातली कोंडी सोडवायला क्वांटम संगणकाची वाट पाहू नये.

तरीही मी या कामात आहे, कारण एका उपयोगाविषयी माझ्या मनात फारशी शंका नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ च्या व्याख्यानात मांडलेला मुद्दा साधा होता : निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याचे अनुकरणही त्याच नियमांनी चालणाऱ्या यंत्रावर करावे. रेणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची रचना कशी असते, याची गणिते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केली आहेत, आणि ती इलेक्ट्रॉनांच्या संख्येबरोबर किती झपाट्याने हाताबाहेर जातात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन साध्या तापमानाला बांधतात आणि आपण त्यासाठी खताच्या कारखान्यात प्रचंड दाब व उष्णता वापरतो. त्या जिवाणूंतील विकराच्या लोह-मॉलिब्डेनमयुक्त केंद्रात इलेक्ट्रॉन नेमके कसे वागतात, हे आजचे संगणक पुरेशा अचूकपणे सांगू शकत नाहीत. अशा प्रश्नांसाठी हे यंत्र आहे. ते कधी येईल, याचे वर्ष सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बातमी वाचताना नॉइजपासून संदेश वेगळा करायचा असेल, तर सांगितलेले क्यूबिट भौतिक आहेत की तार्किक, दोन क्यूबिटांवरच्या क्रियेतली त्रुटी किती, आणि तुलना सर्वोत्तम अभिजात, म्हणजे नेहमीच्या संगणकावरील, पद्धतीशी केली आहे का, हे पाहावे. २०१९ मध्ये गूगलने ५३ क्यूबिटांवर दोनशे सेकंदांत केलेल्या गणिताला महासंगणकाला दहा हजार वर्षे लागतील असे म्हटले, तेव्हा आयबीएमने ते अडीच दिवसांत होईल असा प्रतिवाद केला होता, आणि पुढे अभिजात पद्धती आणखी सुधारत गेल्या. प्रयोग तरीही उत्तम होता. दहा हजार वर्षांचा आकडा मात्र टिकला नाही.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यात अकरावी विज्ञानला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आमच्या महाविद्यालयात क्वांटमविषयी सांगणारे कोणी नाही. मी आत्तापासून काय करू?
– एक विद्यार्थी, नारायणगाव

उत्तर : तुला लागणारे बरेचसे गणित तुझ्या दप्तरात आहे. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकांतले संमिश्र संख्या, सारणी (मॅट्रिक्स) आणि संभाव्यता हे धडे परीक्षेपुरते न करता शेवटच्या उदाहरणापर्यंत सोडव. क्यूबिट म्हणजे दोन संमिश्र संख्यांची जोडी आणि त्यावरची क्रिया म्हणजे दोन बाय दोनची सारणी, एवढ्यावर तुला सुरुवात करता येईल. जोडीला पायथन शिक. इंग्रजीची अडचण पहिली दोन वर्षे जाणवेल, पण शोधनिबंधांतले इंग्रजी कादंबरीपेक्षा कितीतरी सोपे असते. तेच ते दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात.

महाविद्यालयात कोणी नाही म्हणतोस, पण खोडद तुझ्या गावापासून किती जवळ आहे! ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण तिथे आहे आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, ती लोकांना पाहायला खुली असते. तू गर्दीबरोबर अँटेना पाहून परत येऊ नकोस. रिसीव्हरच्या विभागात जा आणि तिथल्या अभियंत्यांना विचार, की आकाशातून येणारा इतका क्षीण संदेश अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या नॉइजमधून ते कसा वेगळा काढतात. आम्ही क्यूबिटचे वाचन करतो तेव्हा आमच्यापुढेही हाच प्रश्न असतो. त्यांनी सांगितलेले वहीत उतरवून घे, आणि जे समजले नाही ते या सदराकडे लिहून पाठव.